शालेय सहल व मुलांच्या दातांची काळजी



दिवाळीची सुटी संपली की आपल्या जिल्ह्यातील शाळांतून सहलींची बोलणी सुरू होतात. कोणी मुलांना केळव्याच्या किनाऱ्यावर नेतात, कोणी शिरगाव व तारापूरचे किल्ले दाखवितात, कोणी जव्हारजवळील दाभोसा धबधब्यापर्यंत जातात, तर काही शाळा आगगाडीने मुंबईची राणीची बाग पाहून येतात. सहल हे शिक्षणाचेच एक अंग आहे. म्हणून वाहन, शिधा, पिण्याचे पाणी, पालकांची संमतिपत्रे व प्रथमोपचाराची पेटी यांची तयारी आपण मनापासून करतो. या तयारीत एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते, ती म्हणजे मुलांचे दात. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार करावयाचा आहे. शेवटी वर्गात घेण्याजोगा एक पाठही दिला आहे.

दातदुखी प्रवासातच का उपटते?

सहलीत एखाद्या मुलाची दाढ अकस्मात ठणकू लागते आणि सर्वांची धांदल उडते. दैवाने हे संकट नेमके आजच आणले, असे आपणांस वाटते. वस्तुतः हे दुखणे त्या मुलाने घरूनच बरोबर आणलेले असते.

आपण खाल्लेल्या गोड व पिठूळ पदार्थांचे कण दातांच्या फटीत राहतात. तोंडातील सूक्ष्म जंतू त्यांवर पोसतात व आम्ल निर्माण करतात. या आम्लाने दातावरचे कठीण आवरण हळूहळू विरघळते व तेथे खड्डा पडतो. यालाच आपण दात किडणे म्हणतो. वरचे आवरण झिजेपर्यंत मुलाला काहीच दुखत नाही. पुढे कीड खोल जाते, थंड व गोड लागताच कळ येते. शेवटी ती नसा व रक्तवाहिन्या असलेल्या मऊ गाभ्यापर्यंत पोचते आणि मग ठणका सुरू होतो. या क्रमाला कित्येक महिने लागतात. म्हणजे सहलीच्या दिवशी रडणाऱ्या मुलाच्या दाढेतील खड्डा आपल्या वर्गात अनेक दिवस बसलेला असतो. तो कोणी पाहिलेला नसतो, एवढेच.

प्रवासात या दुखण्याला जोर चढण्यास कारणेही असतात. त्या दिवशी मुले चिक्की, गोळ्या, बर्फाचा गोळा असे पदार्थ वारंवार खातात. पहाटे निघण्याच्या घाईत दात घासणे राहून जाते. मुक्कामाची सहल असल्यास रात्री आडवे होताच डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो व सुजलेल्या गाभ्याचा ठणका अधिक होतो. भरीस भर म्हणून दंतवैद्य दूर असतो. मुंबईला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. परंतु पालघर स्थानक चर्चगेटपासून सुमारे 90 किलोमीटर आणि बोईसर त्याच्याही पलीकडे. रात्री दाढ धरून बसलेल्या मुलाला घेऊन तेथवर कोण व कसे जाणार?

हा प्रश्न केवळ आपल्या भागाचा आहे, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातील 51 कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. तेव्हा आपल्या शाळेत अशी मुले असणार, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

सहा वर्षांची दाढ

दुधाचे दात 20 असतात. ते साधारणपणे अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे चारही कोपऱ्यांत एकेक नवी दाढ उगवते. ही दाढ उगवताना कोणताही दात पडत नाही. त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच दाढ समजतात आणि किडली तर "पडेल व नवी येईल" म्हणून स्वस्थ राहतात. परंतु ही दाढ कायमची आहे. ती गेली की पुन्हा येत नाही. तिच्या पृष्ठभागावरील खोल खाचांत अन्न अडकते, म्हणून ती लवकर किडते. आपल्या तिसरी ते सातवीच्या मुलांच्या तोंडात प्रथम पाहावयाची ती हीच दाढ, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

सहलीपूर्वी चार आठवडे : मुखपाहणी

दंतवैद्याकडे एका दाढेच्या उपचारासाठी दोन-तीन खेपा पडू शकतात. यास्तव सहलीच्या आदल्या दिवशी केलेल्या पाहणीचा उपयोग नाही. ती निदान चार आठवडे आधी व्हावी. पद्धती सोपी आहे. मुलाने चूळ भरावी, प्रकाशाकडे तोंड करून उभे राहावे व तोंड मोठे उघडावे. शिक्षकाने मुलाच्या तोंडात बोट घालू नये. पाहणी एकेका मुलाची व इतरांपासून थोडी बाजूस करावी. पुढील गोष्टी पाहाव्यात व विचाराव्यात :

1. दातावर काळा वा तपकिरी खड्डा आहे काय?
2. हिरडीवर पुळी अथवा गालावर सूज आहे काय?
3. एखादा दात तुटलेला किंवा अवेळी हलणारा आहे काय?
4. थंड अथवा गोड लागले असता कळ येते काय?
5. दातदुखीने रात्री झोपमोड होते काय?
6. मूल एकाच बाजूने चावते काय?

रोगाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ज्या मुलाच्या बाबतीत एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईल, त्याचे नाव नोंदवून त्यास पुढे पाठविणे, इतकेच आपले कर्तव्य.

पुढे म्हणजे कोठे? या बाबतीत आपल्या भागाचे एक स्थान आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथेच झाला. त्या वेळी आपला तालुका ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 पासून अस्तित्वात आला. या कार्यक्रमाखाली फिरते आरोग्य पथक शासकीय शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करते. तपासावयाच्या 30 विकारांत दातांच्या किडीचाही समावेश आहे. पथकाने पुढे पाठविलेल्या मुलास विनामूल्य उपचार मिळण्याची तरतूद आहे. तेव्हा सहलीच्या तयारीस लागताना प्रथम आरोग्यपत्रिका उघडाव्यात. पथकाने "दंतोपचार आवश्यक" अशी नोंद केलेली मुले पुढे उपचारास गेली की नाहीत, याची चौकशी करावी. न गेलेल्यांच्या पालकांना बोलावून, आवश्यक तर पाड्यावर जाऊन, समजावून सांगावे. पालकांना मराठी अवघड वाटत असेल, तर त्यांच्या बोलीत बोलणाऱ्या गावातील माणसाची मदत घ्यावी. नुसती चिठ्ठी धाडल्याने हे काम होत नाही. ज्या घरची माणसे रोजंदारीवर वा वीटभट्टीवर जातात, त्यांच्या दृष्टीने रुग्णालयाची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, ही गोष्ट आपण विसरू नये. तीन-चार मुले एकाच दिवशी एका पालकासोबत जातील अशी योजना केल्यास सर्वांचीच सोय होते.

मूल दुखणे का लपविते?

मुखपाहणीची सर्वांत नाजूक बाजू हीच आहे. आपल्या दुर्गम पाड्यांवरील कित्येक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. आगगाडीत बसलेली नसतात. वर्षभर ती सहलीची वाट पाहतात. "ज्याचा दात दुखतो, त्याला नेणार नाही," असे एक वाक्य शिक्षकाच्या तोंडून गेले, की पाहणी व्यर्थ झाली म्हणून समजावे. किडलेली दाढ असलेले मूल तोंड अर्धवट उघडील, कळ येत असूनही "नाही" म्हणेल आणि दुखणे सोबत घेऊन गाडीत बसेल. मग ते दुखणे आपणांस रात्री मुक्कामावर, गाल सुजल्यानंतरच कळेल.

म्हणून पाहणीच्या आरंभीच वर्गाला स्पष्ट सांगावे, की दातांमुळे कोणाचीही सहल रद्द होणार नाही. दुखणे आधी सांगणाऱ्याचा उपचार आधी होईल व तो निश्चिंतपणे खेळेल. हे वचन दिल्यावर ते पाळावे. गालावर सूज अथवा ताप असलेले मूल त्या दिवशी प्रवासास योग्य नाही, हे खरे. पण अशी वेळ येऊ नये यासाठीच चार आठवडे आधी पाहावयाचे. मुलाचा शिक्षकावरील विश्वास हे प्रथमोपचाराच्या पेटीतील पहिले साधन होय.

पेटीत काय असावे?

नेहमीच्या साहित्याखेरीज दातांसाठी पुढील वस्तू ठेवाव्यात : निर्जंतुक जाळीदार कापडाच्या घड्या, रबरी हातमोजे, झाकणाची स्वच्छ छोटी बरणी, न उघडलेले दुधाचे टेट्रा पॅक, मीठ, पिण्याचा पेला, दातांतील कण काढण्याचा दोरा व विजेरी. टेट्रा पॅकमधील दूध उघडेपर्यंत शीतपेटीवाचून टिकते. ते कशासाठी, हे पुढे येईल.

यासोबत एक कागद असावा. सहलीच्या मार्गावरील रुग्णालये व दंतवैद्य यांची नावे, दूरध्वनी व वेळा त्यावर आधीच चौकशी करून लिहाव्यात. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि पालघर व बोईसर येथील रुग्णालये आपणांस ठाऊक आहेतच. मात्र तेथे दंतवैद्य कोणत्या वारी व कोणत्या वेळी असतात, हे विचारून घ्यावे. सहली बहुधा सुटीच्या दिवशी निघतात आणि त्याच दिवशी खाजगी दवाखाने बंद असतात. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक सर्व सहशिक्षकांस पाठ असावा.

संमतिपत्रात "मुलास दातांचा काही त्रास आहे काय, कोणते औषध सोसत नाही काय?" अशी एक ओळ घालावी.

प्रवासातील सावधगिरी

मुक्कामाच्या सहलीत प्रत्येक मुलाने आपला ब्रश न्यावा आणि सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. गोड खाऊ दिवसभर चघळीत राहण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच द्यावा व नंतर चूळ भरावयास सांगावे. आम्ल एकदा तयार झाले की ओसरावयास वेळ लागतो. दर अर्ध्या तासाला गोळी तोंडात गेली, तर दाताला विसावाच मिळत नाही. मधल्या वेळी शेंगदाणे, काकडी यांसारखा खाऊ बरा.

दातांचे अपघात बहुतेक ठराविक जागी होतात. गाडी अकस्मात थांबते व उभ्या मुलाचे तोंड पुढच्या बाकाच्या दांडीवर आपटते. हातपंपावर पाणी पिताना मागचा ढकलतो आणि पुढच्याचे दात लोखंडावर बसतात. किल्ल्याच्या झिजलेल्या पायऱ्या, धबधब्याजवळील शेवाळलेले खडक व ओली फरशी येथेही हेच घडते. म्हणून गाडीत कोणी उभे राहू नये, पंपावर रांग असावी, पायऱ्यांवर धावू नये, बाटलीचे झाकण दाताने उघडू नये, हे नियम निघण्यापूर्वी मुलांकडून म्हणवून घ्यावेत.

प्रसंग उद्भवल्यास

(अ) दात समूळ निखळून पडला तर : येथे मिनिटामिनिटाला मोल आहे. दाताच्या मुळावर अतिसूक्ष्म जिवंत पेशींचे आवरण असते. त्याच्याच बळावर दात पुन्हा हिरडीत धरू शकतो. कोरड्या हवेत या पेशी झपाट्याने मरतात. दात तासभर कोरडा राहिला, तर तो जगण्याची आशा फारच थोडी उरते. साध्या पाण्यातही पेशी फुगून फुटतात. दुधात मात्र त्या काही तास तग धरतात. जव्हारच्या घाटातून अथवा तारापूर औद्योगिक वसाहतीच्या अवजड वाहनांच्या गर्दीतून दंतवैद्यापर्यंत पोचावयास एक तास पुरेल, याचा भरवसा नाही. आपल्या पेटीत दूध हवे ते याचसाठी. पुढील क्रमाने वागावे :

1. मूल बेशुद्ध पडले, त्यास उलटी झाली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर डोक्यास मार आहे असे समजून प्रथम 108 ला कळवावे. दाताचा विचार नंतर.
2. दात शोधावा व केवळ वरच्या पांढऱ्या भागास धरून उचलावा. मुळास हात लावू नये. ते घासू वा पुसू नये.
3. माती लागली असल्यास दुधाने, दूध नसल्यास स्वच्छ पाण्याने, काही क्षणच हलकेच धुवावे.
4. दात कायमचा असेल, मूल शुद्धीवर व शांत असेल, तर तो त्याच खोबणीत अलगद बसवावा व मुलास स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावे.
5. हे न साधल्यास दात दुधाच्या बरणीत ठेवावा. दूध नसेल, तर मुलास पेल्यात थुंकावयास लावून त्या लाळेत ठेवावा. दात मुलाच्या गालात ठेवू नये. तो गिळला जाण्याचे भय असते.
6. विनाविलंब दंतवैद्याकडे न्यावे. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांस विचारावे.

दुधाचा दात पडला असेल, तर तो कधीही परत बसवू नये. त्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा पोचते. समोरचे दात साधारण सहा ते आठ या वयात बदलतात. तेव्हा चौथीपुढच्या मुलाचा पटाशीचा दात बहुधा कायमचाच असतो. शंका असेल तेव्हा दात बसवू नये. दुधात घालून न्यावा.

(आ) दाताचा तुकडा उडाला तर : तुकडा शोधून दुधात वा पाण्यात ठेवावा. पुष्कळदा दंतवैद्य तोच तुकडा चिकटवू शकतात.

(इ) दाढ ठणकू लागली तर : कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरावयास लावावे. दातात अडकलेला कण दोऱ्याने काढावा; टाचणी वा काडी वापरू नये. तंबाखू, मिश्री, चुना, रॉकेलचा बोळा यांपैकी काहीही दातात भरू नये. लवंगेच्या तेलानेही मुलांची हिरडी भाजते. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याची चाल तर फार घातक. तेथे जखम होते, शिवाय हे औषध मुलांस देऊच नये. वेदनाशामक द्यावयाचे ते पालकांच्या संमतीने व डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेतच. चुळांनी अथवा औषधाने ठणका थांबला, तरी कीड तेथेच असते. परत येताच उपचार झाला पाहिजे.

(ई) सूज आली तर : गाल अथवा जबड्याखालचा भाग सुजला व ताप आला, तर ते दुखणे दातापुरते राहिलेले नाही. गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वास लागतो किंवा सूज डोळ्याकडे वा गळ्याकडे पसरते, यांपैकी एकही चिन्ह दिसताच मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. येथे जिवाला धोका असतो. सकाळपर्यंत थांबू नये. सुजेवर शेक देऊ नये.

(उ) हिरडीतून रक्त आले तर : कापडाची घडी त्या जागी ठेवून मुलास दहा मिनिटे सतत चावून धरावयास सांगावे. मधेमधे उघडून पाहू नये. तेवढ्याने रक्त न थांबल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

वर्गपाठ (इयत्ता चौथी व पाचवी, एक तासिका)

हेतू : दात का किडतात व निखळलेला दात कसा वाचवावा, हे मुलांस समजावे.

साहित्य : अंड्याचे कवच, व्हिनेगर, दोन पेले, खडूचे तुकडे, छोटी बरणी.

पूर्वतयारी : दोन दिवस आधी एका पेल्यात पाणी व दुसऱ्यात व्हिनेगर घेऊन दोहोंत कवचाचे तुकडे टाकून ठेवावेत. बुडबुडे येताना मुलांनी पाहावे.

प्रस्तावना : "तुमच्यापैकी कोणाकोणाचे दात पडले? पडल्यावर नवे आले काय? आजोबांचा दात पडला, तर येईल काय?"

विषयप्रतिपादन : दोन्ही पेल्यांतील तुकडे मुलांच्या हाती द्यावेत. पाण्यातील कडक राहिला, व्हिनेगरमधील मऊ झाला. हे आम्लाचे काम. कवच व दात अगदी एक नव्हेत, पण आम्लापुढे दोहोंची गत सारखीच होते, हे सांगावे. मग फळ्यावर दाताची आकृती काढून वरचा भाग व मूळ दाखवावे.

उपयोजन : खडूच्या तुकड्याच्या खालच्या अर्ध्या भागास रंग लावून त्यास "मूळ" म्हणावे. एकेका मुलाने तो तुकडा जमिनीवरून पांढऱ्या बाजूने उचलून बरणीत टाकावा. रंगास बोट लागले, की वर्गाने "मूळ!" असे म्हणावे. हा खेळ मुले घरी धाकट्या भावंडांस शिकवितात, हा त्याचा अधिक लाभ.

उजळणीचे प्रश्न : सहा वर्षांची दाढ कोणती? निखळलेला दात पाण्यात न ठेवता दुधात का ठेवावा? दात दुखत असल्यास प्रथम कोणास सांगाल?

समारोप

आपल्याच जिल्ह्यात बोर्डी येथे 1945 साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वाढले व अनुताई वाघ यांनी ते जन्मभर चालविले. मुलाचे नाक, केस, नखे व दात स्वच्छ करणे हा तेथे शिक्षणाचाच भाग होता. त्याच भूमीत आपण शिकवितो. सहलीच्या निमित्ताने वर्षातून एकदा का होईना, प्रत्येक मुलाच्या तोंडात शिक्षकाची नजर गेली, तर कित्येक कायमच्या दाढा वाचतील.

यंदाच्या सहलीच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत : मुखपाहणीचा दिनांक, उपचारास पाठविलेली मुले आणि उपचार पूर्ण झालेली मुले. दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यातील आकडे निघण्यापूर्वी जुळले, म्हणजे सहलीची तयारी पूर्ण झाली असे समजावे.